अंगणांतील फुलांची कुळकथा

घरापुढील चार हात जागेंत कोणतें झाड लावावें हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. बहुधा तो शेजाऱ्याच्या अंगणाकडे पाहून अथवा माळ्याच्या शिफारशीवरून सोडविला जातो. एकादा स्वदेशाभिमानी गृहस्थ मात्र म्हणतो कीं, विलायती झाडें आम्हांस नकोत. वाडवडिलांनीं लावलीं तींच आम्ही लावूं. हा संकल्प स्तुत्य खरा. परंतु वाडवडिलांचीं म्हणून ज्यांस आपण ओळखतों त्या फुलांची कुळकथा इतिहासास विचारली, तर उत्तर अगदीं अनपेक्षित येतें. तें ऐकावयास उत्तर कोंकणच्या किनाऱ्यावरच जावें.

पालघरच्या पश्चिमेस सातपाटी हें मांगेले कोळ्यांचें मासेमारीचें मोठें गांव आहे. जवळच शिरगांवचा किल्ला, दक्षिणेस माहीम व केळवें, उत्तरेस तारापूर. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि त्यानंतर या किनाऱ्यावर त्यांचा अंमल पसरत गेला. १७३९ च्या आरंभीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें माहीम, केळवें, शिरगांव व तारापूर हीं ठाणीं घेतलीं. मे महिन्यांत वसईही पडली. पोर्तुगीजांस मराठ्यांनीं किल्ल्यांवरून उतरविलें. परंतु युरोपियनांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या फुलांस कोणी उतरविलें नाहीं. त्यांस तर आपण देव्हाऱ्यांत बसविलें!

दसऱ्याच्या तोरणांतील झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तेथील आस्तेक लोक तो देवकार्यांत वापरीत, आणि आजही तेथें मृतांच्या स्मरणदिनीं समाधींवर हींच फुलें पसरतात. रात्रीं दरवळणारा निशिगंधही मेक्सिकोचाच. तिन्हीसांजेस उमलणारी गुलबक्षी अमेरिकेंतील. नांव तेवढें फारसी. देवळाच्या आवारांत फुलें ढाळणारा खुरचाफा, तोही अमेरिकेंतील. कोलंबसानें १४९२ सालीं अटलांटिक महासागर ओलांडला नसता, तर हीं चारही फुलें आपल्या पूजेच्या तबकांत दिसलीं नसतीं. जुन्या वाङ्मयाची साक्षही हीच आहे. मेघदूतांतील अलकानगरीच्या स्त्रिया कमळ, कुंद, लोध्र, कुरबक, शिरीष व कदंब यांनीं नटतात. झेंडूची तेथें वार्ताही नाहीं.

मग हीं फुलें आपलीं कशीं झालीं? याचें उत्तर त्यांच्या नांवांत सांपडतें. नवें फूल दारीं आलें म्हणजे लोक त्यास ओळखीच्या फुलाचें नांव देतात. संस्कृतांतील चंपक म्हणजे आपला सोनचाफा. फांदी मोडतांच पांढरा चीक गाळणारें अमेरिकन झाड त्याच्या कुळांतलें नव्हे. परंतु सुवासामुळें तेंही चाफाच ठरलें. दोनचार पिढ्या लोटल्या, आणि पाहुणा कोण व घरचा कोण हें सांगणारा कोणी उरला नाहीं.

आपल्या फुलांकडेही परकीयांचें लक्ष वेधलें होतें. गोव्यांतील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें येथील औषधी वनस्पतींवर संवादरूप ग्रंथ लिहून १५६३ सालीं गोव्यांतच छापविला. त्यांत पारिजातकास त्यानें ‘दुःखी वृक्ष’ म्हटलें, आणि सूर्यानें त्यागिल्यामुळें प्राण देणाऱ्या राजकन्येची दंतकथा सांगितली. तिच्या रक्षेंतून उगवलेलें हें झाड सूर्याचें तोंड पाहत नाहीं! लिनियसनें १७५३ मध्यें दिलेल्या शास्त्रीय नांवांतही तें दुःख कायम आहे.

फुलांची दुसरी लाट इंग्रजी अमदानींत आली. १८३० मध्यें पश्चिम हिंदुस्थानची कृषि व उद्यान संस्था स्थापन झाली. १८६२ मध्यें भायखळ्यास राणीचा बाग उघडला. लंडनच्या वॉर्ड नांवाच्या डॉक्टरानें बंद काचपेटींत रोपें जगविण्याची युक्ति काढली होती. खाऱ्या वाऱ्यापासून बचावून, आंतल्या आंत ओलावा राखून, रोपें महिनोगणती समुद्रप्रवास करूं लागलीं. मोलुक्का बेटांचा क्रोटन, मादागास्करचा गुलमोहर व ब्राझीलची बोगनवेल हीं आतां आपल्या बागांतून नित्याचीं झालीं आहेत.

यावरून सर्वच पाहुणे सारखे, असें मात्र कोणी समजूं नये. शोभेसाठीं आणलेली अमेरिकेची घाणेरी कुंपण सोडून रानांत शिरली, आणि सह्याद्रीच्या उतारांवर तिनें देशी झुडुपांचा श्वास कोंडला. जांभळ्या फुलांच्या मोहानें आणलेल्या जलपर्णीनें नद्या व तळीं व्यापलीं. उलट सुरू हाही परकाच. पण केळव्याच्या किनाऱ्यावर तो वाळू व वारा अडवीत उभा आहे. तेव्हां झाड कोठून आलें, एवढ्यावरच निवड ठरवितां येत नाहीं. तें येथें कसें वागतें, कोणास हुसकून वाढतें, येथील माती व पाणी त्यास मानवतें काय, हेंही पाहिलें पाहिजे.

सातपाटीसारख्या गांवीं ही कसोटी कठोर आहे. वाळूमिश्रित जमीन, पानें करपविणारा खारा वारा, आणि उन्हाळ्यांत मचूळ होणारें विहिरीचें पाणी. अशा ठिकाणीं गुलाबाचा हट्ट धरणें म्हणजे गोडें पाणी वायां घालविणें होय. बोगनवेल, खुरचाफा, कण्हेर व सदाफुली यांस थोडें पाणी पुरतें. बोगनवेल तर पाणी तोडल्यानेंच अधिक बहरते. मोगरा लावावा, पण भिंतीच्या आडोशास, आणि हिवाळ्यांत छाटून. निशिगंधाचे कंद पाणी साचणार नाहीं अशा उंच वाफ्यांत लावावे.

परंतु पाहुण्यांच्या सरबराईंत घरचीं माणसें उपाशीं राहूं नयेत, ही आमची वाचकांस विनंती आहे. उंडी, केवडा, बकुळ, सोनचाफा, अबोली हीं नांवें पुढील पिढीस केवळ पुस्तकांतून कळावीं काय? वाळूवर पसरणारी, जांभळ्या फुलांची मर्यादवेल कोणी रोपवाटिकेंत मागत नाहीं. किनारा स्वच्छ करण्याच्या उत्साहांत ती तण म्हणून उपटली जाते. तिचीं मुळें वाळू धरून ठेवतात, हें नांव ठेवणाऱ्यांस ठाऊक असावें. आज सातपाटीस समुद्रापासून बचावासाठीं दगडांचा बंधारा घालावा लागला आहे. अशा गांवीं अंगणाच्या समुद्राकडील कडेस मर्यादवेल व केवडा राखावा, आणि मग आंत, दारापाशीं, झेंडूचा वाफा खुशाल करावा.