गाडीचा दाखला

गेल्या पावसाळ्यात नात पुण्याला निघाली होती. धाराशिवहून रात्रीची खासगी ट्रॅव्हल्स. मी आपलं विचारलं, "या कंपनीचे अपघात किती झालेत गं?" ती म्हणाली, "आजोबा, रेटिंग चार पॉइंट दोन आहे!" म्हणजे चादरी स्वच्छ असतात आणि पाण्याची बाटली मिळते. मास्तरकीची खोड जात नाही, म्हणून मीच शोधायला बसलो.

आमचा जिल्हा निजामाच्या राज्यातला. निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली २७ बस आणि १६६ माणसं घेऊन मोटारसेवा सुरू केली. मुंबई राज्याची पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली ती १ जून १९४८ ला, म्हणजे सोळा वर्षांनी! (हे पुणेकरांना ऐकवायला फार बरं वाटतं.) १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे आमच्याकडेही एसटीच आली.

एसटीलाही अपघात होतात, नाही असं नाही. पण त्यांचा हिशेब असतो. दर लाख किलोमीटरमागे किती अपघात, हे केंद्राचं रस्ते वाहतूक मंत्रालय राज्याराज्यांच्या महामंडळांच्या नावानिशी अहवालात छापत आलं आहे. शिवाय २५ वर्षं विनाअपघात गाडी चालवणाऱ्या चालकाचा सत्कार होतो, बिल्ला मिळतो. शाळेच्या सहलीला गाडी आली की मी आधी ड्रायव्हरच्या छातीकडे बघायचो. एकदा असा बिल्लेवाला लाभला. तुळजापूरच्या घाटात पोरं ओरडायला लागली, "मामा, पळवा!" त्यानं गाडी सरळ कडेला घेतली. "गुरुजी, आधी यांना गप करा, मग निघू."

खासगीचं काय? ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकला बस पेटून १२ माणसं गेली. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ २५. दोन्ही खासगी बस, दोन्ही रात्रीच्या.

अमेरिकेतल्या भाच्याला विचारलं. तिथे ट्रक-बसच्या दारावर कंपनीचा सरकारी नंबर रंगवलेला असतो. तो संकेतस्थळावर टाकला की गेल्या २४ महिन्यांतले कंपनीचे अपघात, तपासण्या, तपासणीत किती गाड्या आणि किती ड्रायव्हर जागीच थांबवले, सगळं दिसतं. शेजारी देशाची सरासरी!

आपल्याकडे 'एम-परिवहन'वर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा, पीयूसी कुठवर आहे ते कळतं. चांगलीच सोय आहे. पण तो एका गाडीचा दाखला, कंपनीचा नव्हे. बोर्डावर नाव एकाचं, गाडी दुसऱ्याच्या मालकीची, असंही चालतं. आणि गाडीचा नंबर हाती येतो तो पैसे भरल्यावर, सुटायच्या तासभर आधी, मेसेजवर.

त्या रात्री दहाला मेसेज आला. चष्मा लावून नंबर टाकला. फिटनेस होतं, विमा होता, पीयूसी संपलेली. नात म्हणाली, "धुरानं कुठं अपघात होतो, आजोबा?" आणि गेली. मला मात्र पहाटे पाचला तिचा फोन येईपर्यंत डोळा लागला नाही.

दिवाळीला ती एसटीनं आली. सीट कडक होती म्हणाली. ड्रायव्हरच्या शर्टावर बिल्ला होता का, ते बघायचं मात्र राहिलं म्हणे...