डोंगरावरचें पाणी आणि इंजिनियरचें शिक्षण

खालीं वाहणें हा पाण्याचा धर्म. पाटबंधाऱ्यांची सारी जुनी विद्या या एका धर्मावर उभी राहिली. १८४७ सालीं रुडकी येथें इंजिनियरिंगची पाठशाळा निघाली, ती याच विद्येसाठीं. हरद्वारपासून गंगेचें पाणी दुआबांत नेणाऱ्या कालव्यास जाणते हात हवे होते. १८५४ सालीं कालवा वाहूं लागला आणि मैदानांतील शेतें भिजलीं. परंतु ज्या हिमालयांतून गंगा उतरते, तेथील कुमाऊं-गढवालच्या उंच उतारांवरचा शेतकरी कोरडाच राहिला. नदी खालीं दरींत, पायऱ्यापायऱ्यांचें शेत वर. झऱ्यापासून काढलेली ‘गूल’ नांवाची चारी हाच त्याचा आधार. झरा आटला कीं शेत पडीक, आणि घरचा मुलगा चाकरीसाठीं मैदानांत.

पाणी वर चढविण्यास सूर्याला जुंपण्याची कल्पना जुनीच आहे. १८७८ सालीं मुंबईंत हायकोर्टांतील एक अधिकारी विल्यम ॲडम्स यानें आरशांनीं ऊन एकवटून वाफेचा पंप चालविला. १९१३ सालीं फ्रँक शूमन या अमेरिकनानें मिसर देशांत मादी येथें उन्हाच्या बळावर नाईलचें पाणी उपसून दाखविलें. पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें आणि तो उद्योग मागें पडला. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें उन्हापासून थेट वीज देणारी सिलिकॉनची चकती जगापुढें ठेवली. तेव्हां बाष्पयंत्राची गरजच सरली.

यंत्र सुटसुटीत झालें, तरी योजकाचें काम सोपें झालें नाहीं. २०,००० लिटर पाणी १०० मीटर चढविण्यास सुमारें साडेपांच युनिट शक्ति लागते. पंप, मोटार व नळ यांतील घट धरली तर ती दुपटीच्याही वर जाते. समोरच्या कड्याच्या सावलीनें सकाळचें ऊन हिरावलें, तर हिशेब पुन्हां मांडावा लागतो. उलट, ऊन फुकट म्हणून पंप दिवसभर चालला, तर लहानसा झराच आटावयाचा. म्हणून शहाणा योजक प्रथम झऱ्याचें उन्हाळ्यांतील पाणी मोजतो, आणि विजेऐवजीं पाणीच सांठवितो: उन्हांत वरची टांकी भरावी, मग पाण्यानें आपल्या धर्माप्रमाणें शेतांत उतरावें.

रुडकीस १९८२ सालीं लघु जलविद्युत् व अपारंपरिक ऊर्जेच्या अभ्यासाचें केंद्र निघालें. राजस्थानांत तिलोनिया येथील, १९७२ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें तर निरक्षर स्त्रियांना सौर दिव्यांची जोडणी व दुरुस्ती शिकविली. या दोन शाळांची सांगड हेंच खरें शिक्षण होय. पाळी कोणाची आणि बिघडलें तर हात कोणाचा, हें गांवाला विचारल्यावांचून काढलेला आराखडा कागदावरच राहतो. शेत मात्र पडीकच राहतें.