कडाका, कोठारे आणि उवा : फिनलंडच्या १८६७-६८ च्या दुष्काळाचे दफ्तर

१८६८ या एका वर्षात फिनलंडमध्ये सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली. देशाची लोकसंख्या तेव्हा अठरा लाखांच्या आसपास होती. म्हणजे मृत्यूचे प्रमाण दर हजारी सत्त्याहत्तरच्या पुढे गेले. बोथनियाच्या आखातापलीकडे स्वीडनमध्ये त्याच वर्षी हे प्रमाण दर हजारी २१ च्या घरात होते. १८६७ चा वसंत आखाताच्या दोन्ही किनाऱ्यांवर गोठलेला होता आणि उत्तर स्वीडनमध्येही पीक बुडाले होते. मग मरणात एवढे अंतर का पडले?

या प्रश्नाचे उत्तर शोधता येते, कारण कागद शिल्लक आहेत. फिनलंड स्वीडनच्या राज्यात होते तेव्हा, १७४९ मध्ये, जन्म, विवाह आणि मृत्यू यांचे तक्ते दरसाल वर पाठवण्याचे काम चर्चच्या पाद्र्यांवर सोपवले गेले. १८०९ मध्ये देश रशियाच्या झारकडे गेला; राजा बदलला, पण तक्ते थांबले नाहीत. दुष्काळाच्या दोनच वर्षे आधी, १८६५ मध्ये, हेलसिंकीत सरकारी सांख्यिकी कचेरीही उघडली होती. एकोणिसाव्या शतकातील फार थोड्या दुष्काळांमागे मृत्यूची एवढी सलग मोजदाद उरली आहे. शिवाय हेलसिंकीच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून तापमानाची नियमित नोंद होत होती, आणि उत्तरेच्या टोर्निओ नदीचा बर्फ कोणत्या दिवशी फुटला याची टिपणे तर १६९३ पासूनची आहेत. पाद्र्याची वही, तापमापीचा आकडा आणि सिनेटचा, म्हणजे देशाच्या सरकारचा, कारभार ही तीन दफ्तरे शेजारी ठेवली की त्या दोन वर्षांचा क्रम बराचसा लागतो.

आधी तापमापीची साक्ष घेऊ. हेलसिंकीत मे १८६७ चे सरासरी तापमान १.८ अंश सेल्सिअस नोंदले गेले. तिथल्या मे महिन्याच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा ते सुमारे आठ अंशांनी कमी आहे. इतका थंड मे महिना त्या नोंदवहीत दुसरा नाही. नद्यांच्या टिपणांतही बर्फ सर्वांत उशिरा फुटलेल्या वर्षांत १८६७ चा क्रम अगदी वरचा लागतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. उत्तरेकडील पिकाचा हंगाम मुळातच तोकडा. त्याचे पहिले आठवडे बर्फाखाली गेले, पेरणी लांबली आणि गुरांचा चारा संपला. पुढे उन्हाळ्याने थोडी साथ दिली, राय आणि जव वर आले, आणि लोकांनी अजून आशा धरली होती. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात रात्रीच्या कडाक्याने कणसात न भरलेले दाणे गोठले. उत्तर आणि पूर्व भागातले पीक जवळजवळ हातचे गेले.

पण एका नापिकीने एवढी माणसे मरत नाहीत, आणि ही नापिकी एकटी आलेली नव्हती. १८६२ मध्ये पीक मोठ्या प्रमाणात बुडाले होते, १८६५ चे हलके निघाले आणि १८६६ च्या ओल्या शरद ऋतूत बटाटे कुजले. प्रत्येक परगण्यात चर्चच्या छत्राखाली धान्याचे सामायिक कोठार असे. अडचणीच्या वर्षी त्यातून धान्य उसने न्यायचे आणि सुगीनंतर वाढीसह परत भरायचे, अशी रीत होती. लागोपाठच्या वाईट वर्षांत उसने नेलेले परत आले नाही. १८६७ च्या कडाक्याने गाठले तेव्हा ती कोठारे रिकामी होती. जमिनीचे मालक शेतकरी एकवेळ गुरे विकून तग धरत. पण कुळे, सालदार आणि भूमिहीन मजूर यांची संख्या मागच्या पन्नास वर्षांत भराभर वाढली होती, आणि त्यांचे खाणे मजुरीवर अवलंबून होते. पीक बुडाल्यावर मालकांनी गडी कमी केले. बाजारात धान्य असले तरी ते घ्यायला या लोकांकडे पैसा उरला नाही.

आता सिनेटचे दफ्तर. तेव्हा अर्थखाते योहान व्हिल्हेल्म स्नेलमान यांच्याकडे होते. तत्त्वज्ञ, पत्रकार, फिनिश भाषेला राजकारभारात स्थान मिळावे म्हणून झटलेला राष्ट्रवादी नेता, अशी त्यांची ख्याती आणि ती खरीही होती. १८६३ पासून तिजोरी त्यांच्या हाती होती. १८६५ मध्ये त्यांनी फिनिश मार्क हे चलन चांदीशी बांधले आणि रशियन कागदी रुबलच्या घसरणीतून देशाला सोडवले. या नव्या चलनाची पत परदेशी बाजारात टिकवणे हे त्यांच्या कारभाराचे मुख्य सूत्र होते. १८६७ च्या वसंतात धान्याची मागणी होऊ लागली, तेव्हा त्यांनी सरकारी खरेदी टाळली. धान्य आणणे हे व्यापाऱ्यांचे काम. सरकारने फुकट वाटले तर लोक आळशी होतील आणि तिजोरी बुडेल, हा त्या काळच्या युरोपात सर्वमान्य असलेला विचार त्यांचाही होता. उन्हाळा बरा गेल्याने थांबण्याला आधारही मिळाला.

सप्टेंबरच्या कडाक्यानंतर मात्र सिनेट हलले. फ्रँकफुर्टच्या रॉथशिल्ड पेढीकडून घाईने कर्ज उचलले गेले आणि धान्याच्या मागण्या गेल्या. तोवर युरोपभर भाव चढलेले होते, आणि बोथनियाच्या आखातातली बंदरे हिवाळ्यात गोठतात. जहाजांना मिळालेले आठवडे थोडे होते. दक्षिणेच्या बंदरांत उतरलेले धान्य उत्तरेला न्यायला रेल्वे नव्हती. देशात तेव्हा हेलसिंकी ते हॅमेनलिना हाच एक लोहमार्ग होता. म्हणजे पैसा मिळाला, धान्यही काही प्रमाणात मिळाले, पण जिथे भूक होती तिथे ते वेळेत पोहोचले नाही. हाच निर्णय उन्हाळ्यात झाला असता तर आखात मोकळे होते. इतिहासकाराने ‘असे झाले असते तर’ जपून म्हणावे. तरी जहाजे आणि बर्फ यांची तारीखवार सांगड घातल्यावर एवढे म्हणायला हरकत नाही.

मदत देण्याची पद्धतही कागदांत दिसते. सरकारने परगण्यांना दिले ते बहुतांशी कर्ज म्हणून, आणि परगण्यांनी गरिबांना द्यायचे ते कामाच्या बदल्यात. कालवे, रस्ते, सूतकताई आणि हिवाळ्यात उघडलेल्या कामशाळा ही त्या कामांची रूपे होती. याखेरीज सरकारने खाण्याचे पर्यायही शिकवले. पाइनच्या झाडाची आतली साल वाळवून तिचे पीठ भाकरीत मिसळण्याची रीत उत्तरेत जुनीच होती. स्नेलमान यांच्या खात्याने दगडफुलाच्या वर्गातल्या वनस्पतींचे पीठ आणि रानातल्या अळंब्या खाण्याचा जोरदार प्रचार केला आणि ते शिकवायला माणसेही पाठवली. साल पोट भरते, पोसत नाही; अशा भाकरीवर महिने काढलेल्या शरीरात रोगाशी झगडायची ताकद उरत नाही.

यानंतरचा पुरावा पाद्र्यांच्या वह्यांचा, आणि तो थोडा अनपेक्षित आहे. मृत्यूच्या कारणांच्या रकान्यात ‘भुकेने’ अशी नोंद तुलनेने थोड्यांची आहे. बहुसंख्य मरणे ज्वर आणि हगवणीच्या नावावर आहेत. इथे वही वाचताना सावध राहावे लागते. टायफस, विषमज्वर आणि उलटून येणारा ताप यांतला फरक त्या पाद्र्याला कळणे शक्य नव्हते. बहुतेक परगण्यांत डॉक्टरच नव्हता. दुसरी अडचण फिरस्त्यांची. एका परगण्यातून निघालेला माणूस दुसऱ्यात मेला तर त्याचा हिशेब कुठे धरायचा? म्हणून परगणावार आकड्यांची तुलना अंदाजानेच करावी लागते. पण देशाची एकूण बेरीज आणि महिन्यांचा क्रम यांवर भरवसा ठेवता येतो. तो क्रम सांगतो की मृत्यूंची लाट पीक बुडाल्यावर लगेच आली नाही. हिवाळाभर ती चढत गेली आणि १८६८ च्या वसंतात कळसाला पोहोचली. त्या साली सुगी चांगली झाली आणि लाट ओसरली.

या क्रमाचा अर्थ लावायला एक वैद्यकीय शोध उपयोगी पडतो, आणि तो त्या लोकांना उपलब्ध नव्हता. टायफस अंगावरच्या उवांमुळे पसरतो, हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये ट्यूनिस येथे दाखवून दिले. आता १८६७ च्या हिवाळ्याकडे परत पाहा. उत्तरेकडून आणि पूर्वेकडून हजारो कुटुंबे घरे सोडून भीक मागत दक्षिणेकडे व पश्चिमेकडे निघाली. रात्री शेतकऱ्याच्या एकाच ऊबदार खोलीत, अंगावरचे सगळे कपडे घालून, दाटीवाटीने झोपायचे आणि सकाळी पुढचे गाव गाठायचे. उवांना याहून सोयीचे काय असणार? आपत्कालीन कामशाळांत आणि दुष्काळी कामांच्या छावण्यांत हीच दाटी होती. रीहिमॅकी ते सेंट पीटर्सबर्ग हा लोहमार्ग १८६८ मध्ये दुष्काळी काम म्हणून सुरू झाला आणि १८७० मध्ये पुरा झाला. उपाशी मजुरांच्या त्याच्या बराकींत तापाने असंख्य बळी घेतले. पीक जिथे फारसे बुडाले नव्हते, अशा पश्चिम व दक्षिण फिनलंडच्या परगण्यांतही मृत्यू का उसळले, याचा उलगडा यातून होतो. तिथे रोग माणसांबरोबर चालत आला.

हेलसिंकीचे लोकसंख्या-इतिहासकार कारी पिट्कॅनेन यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात उपासमार आणि रोग यांचे हे नाते परगण्यांच्या आकड्यांवरून तपासले. यवास्कुला विद्यापीठातील मिइक्का व्होउटिलाइनेन यांनी २०१६ च्या प्रबंधात तोच दुष्काळ गरिबी आणि विषमतेच्या अंगाने वाचला. हवामानशास्त्रज्ञांनी त्या वसंतातल्या वाऱ्यांची दिशा जुन्या वेधांवरून नव्याने मांडली. वैन्यो कन्निस्टो, कोर क्रिस्टेन्सेन आणि जेम्स व्हॉपेल यांनी १९९७ मध्ये आणखी एक प्रश्न याच वह्यांना विचारला : दुष्काळात गर्भात किंवा पाळण्यात असलेली मुले म्हातारपणी लवकर मेली का? उत्तर नकारार्थी आले. सतराव्या वर्षापर्यंत त्या पिढीतली मुले दुष्काळानंतर जन्मलेल्यांपेक्षा जास्त दगावली. त्यापुढे मात्र दोघांच्या मृत्युमानात जवळजवळ फरक उरला नाही. याउलट, स्वीडनच्या उत्तर टोकाला ओव्हरकालिक्स परगण्यात लार्स ओलोव्ह बिग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुगीच्या नोंदी व चर्चच्या वह्या जुळवून पाहिल्या, तेव्हा आजोबांच्या बालपणातल्या अन्नाचा संबंध नातवांच्या आयुर्मानाशी लागत असल्याचे त्यांना आढळले. तिथले नमुने लहान आहेत, म्हणून त्या निष्कर्षावर वाद चालू आहे. दोन्ही अभ्यासांचा पाया मात्र एकच : कुणा पाद्र्याने वेगळ्याच हेतूने भरलेले रकाने.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. स्वीडनशी तुलना करताना एक गोष्ट मान्य करायला हवी. स्वीडनमध्ये नापिकी मुख्यतः उत्तरेत होती आणि देशाची बहुतेक वस्ती दक्षिणेत. त्यामुळे देशाचा एकूण आकडा तिथल्या उत्तरेचे हाल झाकतो. तिथल्या मदत समित्यांवरही कंजूषपणाचे आरोप झालेच. तरीही फिनलंडसारखी मरणाची लाट तिथे उठली नाही. फिनलंडमध्ये लागोपाठच्या नापिकीने कोठारे रिकामी होती, भूमिहीनांची संख्या मोठी होती, धान्याचा निर्णय उशिरा झाला आणि उपाशी माणसे वाटेवर आली. या चार गोष्टींपैकी एकही केवळ त्या कडाक्याने केलेली नव्हती.

स्नेलमान १८६८ मध्ये पदावरून गेले. त्याला मुख्य कारण झाला तो सेंट पीटर्सबर्गच्या लोहमार्गावरून झारच्या गव्हर्नर जनरलशी झालेला संघर्ष. त्यांना क्रूर ठरवण्याला कागदांचा आधार नाही. त्यांनी सांभाळलेले चलन टिकले, आणि पुढे देशाला त्याचा फायदाही झाला. पण चलनाची पत आणि माणसांचे अन्न यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी उन्हाळाभर पहिल्याकडे पाहिले, हेही त्याच कागदांत आहे. १८६५ च्या अखेरीस फिनलंडची लोकसंख्या १८ लाख ४३ हजार होती. १८७० मध्ये ती १७ लाख ६९ हजार भरली.