ग्राइम्स ग्रेव्ज : देवाचे नाव, माणसाचे ठसे

'ग्रेव्ज' या शब्दाने फसगत होणे साहजिक आहे. येथे त्याचा अर्थ थडगी नव्हे, खळगे. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील माळरानावर असे ४००हून अधिक खळगे आहेत. ते कोणी खणले याचा विसर पडल्यावर अँग्लो-सॅक्सन लोकांनी ते ग्रिमच्या, म्हणजे वोडन देवाच्या, नावे करून टाकले. आपल्याकडची लेणी पांडवांच्या खाती जमा झाली, तसेच हे!

या चकमकीच्या दगडाच्या नवाश्मयुगीन खाणी आहेत, हे विल्यम ग्रीनवेल या धर्मोपदेशकाने १८६८ ते १८७० या काळात एक खळगा उपसून दाखवले. त्यांचा काळ आता इ.स.पूर्व २६००च्या सुमाराचा मानतात. सुमारे ९ मीटर खाली उतरल्यावर खडूच्या पांढऱ्या भिंतींतून फुटलेली बुटकी भुयारे आम्हांला दिसली. खाणकरी दगडाचे वरचे दोन थर सोडून तिसऱ्यापर्यंत जात. उत्तम दगड तेथेच मिळे. खणायला हत्यार काय, तर हरणाचे शिंग.

१९३९ साली येथे खडूची एक स्त्रीमूर्ती 'सापडली' आणि खाणीला देवीही लाभली. ती बनावट असावी, असा अभ्यासकांचा दाट संशय आहे. श्रमाच्या जागी दैवत बसवण्याची ही हौस आम्हांला नावाइतकीच जुनी वाटते.

ग्रीनवेलला मात्र कोसळलेल्या एका भुयारात दोन शिंगे मिळाली होती. त्यांवरच्या खडूच्या लेपात खाणकऱ्यांच्या बोटांचे ठसे होते. दिवसाचे काम संपवून त्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते परतण्यापूर्वीच छत ढासळले, असे त्याने ताडले.