खुला कोड आणि चवदार तळे

"सॉफ्टवेअरमध्ये जात कुठून आली? तिथे फक्त मेरिट चालतं!" ऐरोली, महापे, कोपरखैरणेच्या आयटी पार्कांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे वाक्य नेहमी ऐकवले जाते. त्यावर चिडण्याआधी इतिहास तपासू. आजचा हा सारा उद्योग ज्या कोडवर उभा आहे, त्याचा मोठा भाग हौशी माणसांनी एकमेकांना फुकट वाटलेला आणि एकमेकांकडून सुधारून घेतलेला आहे. एकट्याच्या मेरिटची ही कथा मुळातच खोटी आहे.

जानेवारी १९७५. अमेरिकेतील 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' हा घरी जोडायचा संगणक झळकला. त्याच्या मूळ संचातली मेमरी होती २५६ बाइट. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे तेवढ्या जागेत मराठीची ८५ चिन्हे, फार तर एक-दोन वाक्ये मावतील. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात एका गॅरेजमध्ये 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'ची पहिली बैठक झाली. आपण काय बनवले ते दाखवायचे, दुसऱ्याने काय बनवले ते पाहायचे, हाच क्लबचा रिवाज.

या संगणकासाठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी बेसिक भाषेचा इंटरप्रिटर लिहिला. त्याच्या कागदी टेपच्या प्रती क्लबमध्ये वाटल्या गेल्या. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी गेट्स यांनी हौशी मंडळींना खुले पत्र लिहून त्यांना चोर ठरवले. आपण वापरलेल्या संगणक-वेळेची किंमत ४०,००० डॉलरहून अधिक आहे, असा त्यांचा दावा होता. कष्टाचा मोबदला मागण्यात गैर काही नाही. पण हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. तो संगणक हार्वर्ड विद्यापीठातला होता आणि सरकारी पैशावर चालत होता. मूळ बेसिक भाषा १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी घडवली आणि सर्वांना मोकळी ठेवली. सार्वजनिक विहिरीचे पाणी घागरीत भरायचे आणि घागरीवर आपले एकट्याचे नाव घालायचे, ही 'मेरिट'ची जुनी रीत आहे. आपल्याला ती नवी नाही.

हौशी मंडळींचे उत्तर मात्र पाहण्यासारखे होते. 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी' या गटाच्या वार्तापत्रात डेनिस अ‍ॅलिसन यांनी छोट्या बेसिकचा, 'टायनी बेसिक'चा आराखडा मांडला होता. टेक्सासमधल्या दोघांनी तो लिहून काढला आणि 'डॉ. डॉब्ज जर्नल'ने १९७६ मध्ये पूर्ण कोड छापला. मग लि-चेन वांग यांनी तीच कल्पना १.७७ किलोबाइटमध्ये बसवली आणि कोडच्या माथ्यावर 'कॉपीलेफ्ट' हा शब्द टाकला. पुढे रॉजर राउस्कोल्ब यांनी त्यात सुधारणा करून तो पुन्हा प्रसिद्ध केला. एकाने लिहायचे, दुसऱ्याने काटकसर करायची, तिसऱ्याने चूक दुरुस्त करायची. ऑप्टिमायझेशन म्हणतात ते हेच. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये जीपीएल परवाना आला, १९९१ मध्ये लिनक्स आले. वाटून घेण्याच्या रिवाजाला कायद्याचे बळ मिळाले.

त्याच दशकात आपल्याकडे काय चालू होते? जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. तिकडे तरुण टेपांची देवाणघेवाण करत होते. इकडे आपली एक पिढी विद्यापीठाच्या पाटीवरच्या नावासाठी लाठ्या खात होती. दोघांना एकाच शर्यतीत उभे करून 'मेरिट' मोजणाऱ्यांना हा हिशेब विचारला पाहिजे.

कुणी म्हणेल, आता तर कोड खुला आहे, अडवतो कोण? इथे महाड आठवावे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात बोले ठराव मंजूर झाला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांसाठी खुले केले. कागदावर तळे खुले झाले, पण अस्पृश्याच्या ओंजळीत पाणी आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. त्यानंतरही नगरपालिकेने ठराव मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. परवानगी आणि पाणी यांत एवढे अंतर असते.

खुल्या कोडचेही तसेच आहे. परवाना कुणाची जात विचारत नाही. पण फुकट कोड लिहायला रिकामी संध्याकाळ लागते, स्वतःचे यंत्र लागते, इंग्रजी लागते आणि चारचौघांत चुकण्याची हिंमत लागते. शेवटची गोष्ट सर्वांत महाग. सवर्ण मुलगा चुकला तर तो एकटा चुकतो; आपली मुलगी चुकली तर 'कोट्यातली' म्हणून अख्खा समाज चुकलेला ठरतो. म्हणून ती प्रश्न विचारत नाही, कोड दाखवत नाही, आणि न दाखवलेला कोड कधी सुधारत नाही. कॅरोल उपाध्या यांनी भारतीय आयटी उद्योगाचा अभ्यास करून दाखवून दिले आहे की तिथे शहरी, मध्यमवर्गीय, उच्चजातीय घरांतल्यांचाच मोठा भरणा आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. मग दार उघडणार कसे?

मागणी आणि तयारी दोन्ही हवी. आरक्षणाची लढाई चालू ठेवायचीच. सोबत आपली गॅरेजेसही उभी करायची. नवी मुंबईत त्याला जागा आहे. ऐरोलीला महापालिकेने उभारलेले बाबासाहेबांचे स्मारक आणि त्यातले ग्रंथालय आहे. नोडानोडांत बुद्ध विहारे आहेत. खारघर स्टेशनसमोर सी-डॅकचे केंद्र आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरिअल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून, मोफत मिळतात.

सुरुवात आपल्याच कामापासून करावी. चळवळीच्या कितीतरी पुस्तिका आणि स्मरणिका जुन्या डीटीपी फॉन्टांत अडकून पडल्या आहेत. फॉन्ट नसेल तर मजकूर अगम्य होतो, शोधता येत नाही. तो युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्राम ही उत्तम शाळा आहे. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराची जागाही बदलते. नवशिका प्रत्येक चिन्हासाठी अख्खी फाइल पुन्हा पुन्हा चाळेल. दुसरा सांगेल, चिन्हांचा तक्ता कर आणि एकाच फेरीत काम उरक. तिसरी 'र्कि'सारख्या ठिकाणी होणारी चूक पकडेल. तिघे शिकतील आणि पुस्तिका वाचतील.

नियम दोनच असावेत. कुणाच्या चुकीवर हसायचे नाही, आणि जो शिकला त्याने पुढच्या दोघांना शिकवायचे. लिहिलेला कोड जीपीएलखाली सर्वांना खुला ठेवावा, म्हणजे उद्या कुणी त्यावर कुलूप घालून आपल्यालाच विकणार नाही.

कुणी म्हणेल, गरिबीतल्या मुलांना काटकसर उपजतच जमते. या गोडव्याला भुलू नका. २५६ बाइटची टंचाई त्या हौशी मंडळींनी छंद म्हणून स्वीकारली होती. आपली टंचाई लादलेली आहे. ती मिरवायची नाही, संपवायची आहे. शिका आणि संघर्ष करा यांच्यासोबत संघटित व्हाही आहे, हे कीबोर्डसमोर एकट्याने झुंजणाऱ्या प्रत्येक भीमसैनिकाने लक्षात ठेवावे. तळे कागदावर खुले झालेच आहे. आता काठावर थांबून चालणार नाही.

जय भीम!