अंकीय ग्रंथालये, अभियंत्यांसाठी : वाराणसी
अभियंत्यांना पदवीनंतरही पुस्तके, नियतकालिके, मानके व व्याख्याने संगणकावर पुरविणारी संग्रहव्यवस्था. वाराणसीत तिचा पाया छापील पुस्तकांचा, आणि तो बराचसा मराठी हातांनी घातलेला. बनारस हिंदू विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आरंभ १९१७ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या स्मृत्यर्थ त्यांच्या पुत्राने दिलेल्या ग्रंथसंग्रहातून झाला. १९४१ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या देणगीतून आजची वास्तू उभी राहिली. ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे. येथील अभियांत्रिकी शिक्षण १९१९ पासूनचे; विद्यापीठाची तीन तांत्रिक महाविद्यालये १९६८ मध्ये एका संस्थेत एकत्र आली आणि २०१२ मध्ये त्या संस्थेला आयआयटीचा दर्जा मिळाला. तिचे ग्रंथालय श्रीनिवास देशपांडे यांच्या नावाने ओळखले जाते.

अंकीय संग्रहात मात्र खरी अडचण परवान्यांची आहे. संशोधनपत्रिकांची वर्गणी संस्था भरते, म्हणून विद्यार्थी बाहेर पडला की सहसा दारही बंद होते. २०२५ पासूनची ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनाही संस्थांपुरतीच आहे. नोकरीतल्या अभियंत्याला त्यामुळे मुक्त साधनांवरच भिस्त ठेवावी लागते : आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय (लोकार्पण २०१८), एनपीटीईएलची व्याख्याने आणि प्रबंधांसाठी शोधगंगा.