भिवंडी बोलू लागली तेव्हा

सभेत उभे राहायचे म्हटले की घशाला कोरड पडते, यावर आपल्याकडे इलाज ठरलेला आहे: सराव करा. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून वक्तृत्व ही कमावण्याची कला मानली गेली. शाळांच्या स्पर्धा आजही त्याच वाटेने चालतात. शिकलेल्या, समाजात पत असलेल्या माणसाला हा इलाज लागूही पडतो, कारण त्याला धास्ती असते ती फजितीची. पण बोलल्यावर काय भोगावे लागेल, ही ज्याची धास्ती आहे, त्याला आवाजाचे चढउतार शिकवून काय उपयोग? त्याची भीती श्रोत्यांमुळे असते आणि श्रोते बदलले तरच ती जाते. याचा पुरावा १९८८ नंतरच्या भिवंडीत सापडतो.

हे यंत्रमागांचे गाव. बारा तासांच्या पाळीत मागांचा खडखडाट असा की शेजारच्या कारागिराशी बोलायचे तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली, कोकणी मुसलमान, आगरी अशी वस्ती. प्रत्येकाची बोली वेगळी, मोहल्लाही वेगळा. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली, तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्ये गाव पुन्हा जळाले. शांतता समित्या तेव्हाही होत्या. पण सण तोंडावर आला की पुढारी, शेठ आणि प्रतिष्ठित मंडळींना बोलावणे जायचे. बोलणारे तेच, माना डोलावणारेही तेच. कांडी भरणाऱ्याला किंवा रिक्षावाल्याला तिथे खुर्ची नव्हती. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी नेमके हेच उलटवले. गावात सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीत पन्नासेक माणसे, निम्मे हिंदू, निम्मे मुसलमान, आणि ती शक्यतो साधी. दंगल असो वा नसो, बैठक भरायची आणि विषय गल्लीतल्या तंट्यांपासून सुरू व्हायचे. चौकीची पायरी चढायला कचरणारा माणूस फौजदारासमोर तक्रार मांडू लागला, तो काही भाषणकला शिकून नव्हे. समोरचे चेहरे ओळखीचे होते, बैठक ठरल्यासारखी पुन्हा भरणार होती, आणि बोललेले कुणीतरी ऐकून घेत होते.

कुणी म्हणेल, व्यासपीठाची भीती निराळी आणि पोलिसांची निराळी. भोगावे लागते ते निराळे, हे खरे; पण मुळाशी भीती एकच. ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘साहेब काय करतील’ या दोन्हींत आपल्यापेक्षा ज्याचे वजन जास्त, त्याच्यापुढे उघडे पडण्याचीच धास्ती असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईत दंगलींत सुमारे नऊशे माणसे मेली आणि भिवंडी शांत राहिली, त्याचे श्रेय समित्यांना का द्यायचे? सूत विकणारा एका धर्माचा, मागवाला दुसऱ्या धर्माचा. धंद्याच्या गरजेनेच गाव सावरले असेल. पण ही गरज १९७० मध्येही होती आणि १९८४ मध्येही. तेव्हा तिने काही वाचवले नाही. नवी होती ती बैठक. पुढे मुंबईनेही मोहल्ला समित्या स्थापल्या, हेही विसरू नये. तिसरा आक्षेप मात्र निम्मा मान्य करावा लागतो: पोलिसांनीच बोलावलेल्या बैठकीतले बोलणे हे परवानगीचे बोलणे, आणि तिथे उठून बोलणाऱ्यावर खबऱ्याचा शिक्का बसू शकतो. शिवाय सगळा डोलारा एका अधिकाऱ्याच्या खांद्यावर होता. खोपडे बदलून गेले आणि समित्यांचा जोर ओसरला. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद झाला, गोळीबारात दोघे मेले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. हा तंटा हिंदू-मुसलमानांचा नव्हता. गाव आणि पोलीस यांच्यातला होता, म्हणजे ज्या दोघांना त्या बैठकीने समोरासमोर बसवले होते, त्यांच्यातलाच.

अशी बैठक एका अधिकाऱ्यावर न विसंबता भरवायची सोय महापालिका कायद्यातच आहे: मतदारांची क्षेत्रसभा. तिला पोलिसांचे बोलावणे लागत नाही आणि अधिकाऱ्याची बदली झाली म्हणून ती बंद पडायचे कारण नाही. वक्तृत्व शिबिरांना अनुदान देण्याआधी भिवंडीच्या नगरसेवकांनी त्या सभा नेमाने भरवाव्यात.